स्मार्ट मीटर बसलाय? आधी त्याचं घड्याळ तपासा

महावितरणच्या स्मार्ट टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार युनिट मोजणाऱ्या) मीटरवर घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटवर सवलत मिळते. ही नोंद मीटरच्या घड्याळावर चालते. म्हणून मीटरचं बटण दाबत जा, तारीख-वेळ दिसेल. ती मोबाईलशी जुळत नसेल तर फोटो काढून लेखी तक्रार द्या. घड्याळ मागे-पुढे असेल तर सवलतीचे युनिट दुसऱ्या वेळेत मोजले जातात.

मग दुपारकडे काय सरकवायचं? फ्रिज, पंखे सोडून द्या. १ अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण १ युनिट खातो, गरम पाण्याचं वॉशिंग मशीन आणि इस्त्रीही बऱ्यापैकी. इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग तर सगळ्यात सोयीचं. युनिटमागे ८० पैसे धरले आणि महिन्याला ६० युनिट हलवले, तर ४८ रुपये वाचतात. सकाळच्या अंघोळीचा गिझर मात्र दुपारी लावू नका, पाणी रात्रभरात निवतं.

पंप दुपारी आपोआप सुरू व्हावा म्हणून टायमर घेताना जपा. पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, ६ अँपिअरच्या प्लग-टायमरच्या आतले काँटॅक्ट जळतात. टायमरने काँटॅक्टर (मोटरचा मोठा करंट सांभाळणारा स्विच) चालवा, टाकीत फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारा) बसवा.