राजकारण हा पेशा म्हणून निवडताना

राजकारणात जाऊ इच्छिणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो हेतू शुद्ध ठेवण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण त्याचा उपयोग फारसा होत नाही. कारण लोकांसाठी काही करण्याची तळमळ, मानमरातबाची हौस, सत्तेची ओढ आणि क्वचित कुणावरचा जुना राग हे सारे एकाच माणसात नांदत असते आणि त्यातले किती काय, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून मनातल्या हेतूंची छाननी करत बसण्यापेक्षा, या वाटेवर आपण कोणाचे मिंधे होणार आहोत, याचा हिशेब आधी मांडावा.

हा हिशेब घरखर्चापासून सुरू होतो. १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना ठरवणाऱ्या फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी कार्यकारी प्रमुखाला पगारच देऊ नये, अशी सूचना केली होती. मानाची आणि पैशाची हाव एकाच पदात एकत्र आली की चांगली माणसे दूर राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. ती सूचना मान्य झाली नाही. उलट, संसद सदस्यांना वेतन मिळावे ही इंग्लंडमधील चार्टिस्टांच्या, म्हणजे कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीच्या, १८३८ च्या सनदेतील सहा मागण्यांपैकी एक होती आणि ती प्रत्यक्षात यायला १९११ साल उजाडले. मला चार्टिस्टांचे म्हणणे पटते, कारण घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे ज्याला परवडते, त्याच्याच हाती मग राजकारण राहते. तेव्हा पदाचे वेतन घेण्यात संकोच बाळगू नये. मात्र पद गेल्यानंतरचे पहिले वर्ष कशावर काढायचे, हे कुटुंबासह बसून ठरवावे आणि आपला मूळ व्यवसाय, त्याचा परवाना व त्यातील ओळखी जिवंत ठेवाव्यात. ज्याला परतीची वाट नाही, त्याला तिकिटासाठी वाटेल ते कबूल करावे लागते.

दुसरी बाब देणग्यांची. ब्रिटनमधील नोलन समितीने १९९५ साली सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे मांडली. त्यांपैकी सचोटीचे तत्त्व असे की, आपल्या कामावर प्रभाव पाडू शकेल अशा बाहेरच्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या आर्थिक वा अन्य बंधनात पदाधिकाऱ्याने स्वतःला अडकवू नये. व्यवहारात हे बंधन पैशाच्या पाकिटातून क्वचितच येते. प्रचाराला मोफत दिलेली गाडी, मुलाला लावून दिलेली नोकरी अशा रूपांत ते येते. समजा, समितीपुढे रस्त्याच्या कामाच्या निविदा आहेत आणि त्यांपैकी एक आपल्या मेहुण्याच्या भागीदाराची आहे. अशा वेळी केवळ मतदान न करणे पुरेसे नाही. विषय पुकारला जाताच, चर्चा सुरू होण्याआधी, संबंध उघड करावा, सभागृहाबाहेर जावे, आणि नंतर इतिवृत्त मागवून त्यात तशी नोंद झाली आहे का, ते स्वतः वाचून पाहावे. चर्चेत भाग घेऊन फक्त मताच्या वेळी उठून जाणारे पुष्कळ असतात, आणि खरे काम चर्चेतच झालेले असते.

पक्षाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. प्रतिनिधीने मतदारांना स्वतःच्या विवेकाचाही लाभ द्यावा, असे ब्रिटिश संसद सदस्य व विचारवंत एडमंड बर्क यांनी १७७४ साली ब्रिस्टॉलच्या मतदारांना सांगितले. १७८० साली तिथे विजयाची आशा उरली नाही, तेव्हा त्यांना माघार घ्यावी लागली. प्रत्येक प्रश्नावर अडून बसणारा सदस्य समितीत कोणाच्याच कामाचा नसतो, त्यामुळे बहुतेक विषयांत देवाणघेवाण करण्यात काही गैर नाही. मात्र ज्यांवर पक्षादेश आला तरी आपण हटणार नाही, असे दोन-तीनच विषय निवडावेत आणि उमेदवारी मागतानाच ते पक्षश्रेष्ठींना लेखी कळवावेत. त्यावरून तिकीट नाकारले गेले, तर मूळ व्यवसाय चालू ठेवून दुसरा पक्ष शोधावा किंवा अपक्ष उभे राहण्याचा विचार करावा.