कापडी डायपर: बाळ येण्याआधी धुऊन ठेवा

मोठ्याच्या वेळी मी सगळं आधीच आणून ठेवलं होतं. वीस कापडी डायपर, त्यांच्या आत घालायच्या चाळीस सुती घड्या, कपाटात रंगाप्रमाणे लावलेल्या. बारशाला त्यातलाच एक बांधला आणि पंधरा मिनिटांत नणंदबाईंचा शालू भिजला. दुसरा बांधला, तोही तसाच. आतली घडी वरून ओली, मधे जवळजवळ कोरडी, आणि पोराच्या मांडीवरून ओघळ. कापडाचं काही खरं नाही असं म्हणून सगळं माळ्यावर गेलं. मग चार महिने दुकानातले वापरून फेकायचे, पाकिटातले डायपर. दिवसाला सात, एक दहा रुपयांना, म्हणजे महिन्याला २१०० आणि चार महिन्यांत ८४००. आता दुसऱ्या वेळचा सातवा महिना सुरू आहे आणि ते पैसे पुन्हा घालवायचे नाहीत.

कापडात खोट नव्हती. मी ते धुतलं नव्हतं. एकदासुद्धा नाही.

शेजारच्या आजींनी माळ्यावरची ती घडी हातात घेऊन चोळली आणि म्हणाल्या, "कोरं फडकं पानी पेत नही वं माय, पह्यले धुई काढ त्याले." आपण खान्देशातली माणसं, घरात कपाशी येते, आपल्याला हे कळायला हवं होतं. वेचून आणलेल्या कापसाचं बोंडूक पाण्यावर टाकून बघा, तरंगत राहतं. कापसाच्या धाग्यावर मुळातच मेणाचा पातळ थर असतो, आणि विणलेल्या कापडाला वरून खळही असते. हे दोन्ही निघाल्याशिवाय कापड ओलावा ओढत नाही. म्हणून सुती आणि बांबूच्या घड्या वापरण्याआधी सहा ते आठ वेळा धुवायच्या. एकदा नाही, दोनदा नाही. सहा ते आठ वेळा, दर वेळी साबणाच्या पावडरीत, पुष्कळ पाण्यात खळबळून. घाई असेल तर नुसत्या सुती घड्या मोठ्या पातेल्यात पावडर टाकून उकळा, काम लवकर होतं. बाहेरचं न गळणारं आवरण मात्र उकळायचं नाही आणि पहिल्या धुण्यांत घड्यांबरोबर टाकायचंही नाही.

झालं की नाही हे ओळखायचं असं: वाळलेल्या घडीवर चमचाभर पाणी सोडा. अळवाच्या पानावर राहावा तसा थेंब टिकला, की घडी पुन्हा बादलीत. पडताक्षणी जिरला तर तयार. प्रत्येक घडीवर बघा, वरच्या एकीवर बघून गठ्ठा बाजूला ठेवू नका.

सातव्या महिन्यात हे सुरू करा. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो. आठ धुणी म्हणजे जवळजवळ महिना गेला. नवव्या महिन्यात वाकवत नाही आणि बाळंतपणानंतर कोणाला सांगायची सोय नसते. "आल्यावर धुऊ" म्हणू नका, मी तेच म्हटलं होतं.

बोअरच्या पाण्याचंही बघा. जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही, उलट तो धाग्यात चिकटून बसतो आणि घड्या पापडासारख्या कडक होतात. मग धुतलेलं कापडही पाणी ओढत नाही, पोराला पुरळ उठते ते वेगळंच. शेवटचं खळबळणं तरी नळाच्या नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी अजिबात नको, त्याचाही थर बसतो. तेलाचंही तसंच. मालिश झाल्यावर अंघोळ घालून, अंग नीट पुसून मग डायपर बांधा. मलम लावलं असेल तर मधे मलमलीचा जुना तुकडा ठेवा.

लंगोट पंचवीस-तीस तरी हवेत. पहिला महिना तेच बरे, कारण नाळ पडेपर्यंत बेंबीवर काही आवळायचं नसतं. आणि ते नवे शिवू नका. आईचं जुनं लुगडं, आजोबांचं धोतर फाडा. वर्षानुवर्षं धुतलेलं कापड पहिल्या दिवसापासून पाणी ओढतं. पूर्वी बाळाला जुनंच का नेसवत, ते मला त्या शालूनंतर समजलं. दुपटी, टोपडी, झबली सगळ्यांकडे येतातच.

वापरलेल्यांसाठी झाकणाची बादली एक. त्यात पाणी भरून ठेवू नका, नुसते टाका आणि दुसऱ्या दिवशी धुवा. शी लगेच थंड पाण्याने काढायची. गरम पाण्याने डाग बसतो. अंगावर पिणाऱ्या बाळाचा पिवळा डाग राहिला तर ओल्या घड्या उन्हात टाका, आपलं चैत्र-वैशाखाचं ऊन तो डाग खातं. पण आवरणं सावलीत वाळवा. भर उन्हात त्यांच्या आतला पातळ पडदा चिरतो आणि मग गळती सुरू. माझी चार अशीच गेली.

पावसाळ्यात एका दिवसात वाळत नाहीत, घड्या दीडपट ठेवा. रात्री दोन घड्या एकावर एक. दर दोन-तीन तासांनी बदला, ओलं ठेवू नका. एसटीने जळगाव-धुळे करायचं असेल तर पाकिटातला एक बांधा, त्यात काही बिघडत नाही. पिना नकोत, बंद किंवा बटणं.

आणि बाळंतविडा भरायला बसाल तेव्हा आधी घड्या काढून मोजा, किती वेळा धुतल्या ते घड्यांच्या पाकिटावर पेनने लिहा. माझ्या तीनदा झाल्या आहेत, अजून थेंब टिकतो. परवा नळ आला की चौथं धुणं.