पॉइंट नीट बसत नाही? मोटरला शिव्या नंतर द्या
एचओ मापाच्या मॉडेल रेल्वे लेआउटवर गाडी दरवेळी पॉइंटवरच (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी) घसरत असेल तर आधी पॉइंट हलवणारी मोटर सोडवा आणि बोटाने ब्लेड, म्हणजे पॉइंटची सरकणारी पट्टी, सरकवून बघा, रुळाला घट्ट टेकतंय का. माझ्याकडे बॅलास्टचा (रुळाखालच्या खडीचा) एक दाणा अडकलेला आणि मी दोन संध्याकाळी वायरिंग उसकटत बसलो! टूथपिकने दाणा काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेल नको, धूळ धरतं.

कॉइलवाली मोटर असेल तर बटण दाबून धरू नका, जळते, सरळ कपॅसिटर डिस्चार्ज युनिट (साठवलेली वीज एका झटक्यात सोडणारं सर्किट) लावा, झटका जोरात बसतो नि कॉइलही वाचते. टॉर्टॉइससारखी स्लो (ब्लेड हळूहळू सरकवणारी) मोटर लावताय तर पेको कंपनीच्या पॉइंटमधली स्प्रिंग काढून टाका, नाहीतर ब्लेड मधेच अडून खटकन उडतं. आणि फ्रॉगची (पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याची) विजेची पोलॅरिटी मोटरच्या कॉन्टॅक्टवरूनच बदला, नुसत्या ब्लेडच्या भरवशावर नको.