सीबीआयच्या कारवाईमागे राजकीय हात आहे का, हे कसे ताडून पाहावे

एखाद्या नेत्याच्या घरी सीबीआयचा छापा पडला की निम्मे लोक ‘सूडाचे राजकारण’ म्हणतात, तर उरलेले ‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणून मोकळे होतात. यांपैकी कोणत्याही बाजूला जाण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घ्याव्यात.

प्रथम, प्रकरण सीबीआयकडे कोणत्या वाटेने आले ते पाहावे. या यंत्रणेला तपासाचा अधिकार 1946 च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यातून मिळतो आणि त्याच्या कलम 6 नुसार राज्यात तपास करण्यासाठी राज्य सरकारची संमती लागते. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण (प्रत्येक प्रकरणासाठी वेगळी न मागता चालणारी) संमती ऑक्टोबर 2020 मध्ये काढून घेतली आणि सत्तांतरानंतर ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा दिली. संमती हीसुद्धा राजकीय वस्तू आहे, हे त्यावरून दिसते. मात्र उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय संमतीवाचूनही तपास सोपवू शकते. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरील आरोपांची प्राथमिक चौकशी 5 एप्रिल 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्याच आदेशाने सुरू झाली होती. अशा प्रकरणात ‘केंद्राने सीबीआय पाठवली’ हे विधान तितक्या सहजपणे करता येत नाही. पुढच्या तपासाची शंका घ्यायची असेल तर ती वेगळी घ्यावी.

दुसरी गोष्ट परवानगीची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी केंद्राची मंजुरी घ्यायला लावणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये रद्द केली. परंतु 2018 मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम 17 अ आले आणि लोकसेवकाने पदावरून घेतलेल्या निर्णयाच्या चौकशीसाठी पूर्वपरवानगी पुन्हा लागू झाली. म्हणून गाजणाऱ्या प्रकरणापेक्षा हलत नसलेल्या प्रकरणाकडे अधिक लक्ष द्यावे आणि परवानगी कधी मागितली व फाइल कोणाकडे पडून आहे, हे विचारावे.

तिसरे, मसुदा कोणी पाहिला? कोळसा खाणवाटप प्रकरणात न्यायालयाला सादर करायचा अहवाल आधी तत्कालीन कायदामंत्री अश्विनी कुमार यांनी आणि पंतप्रधान कार्यालय व कोळसा मंत्रालयातील अधिकाऱ्यांनी पाहिला होता, असे सीबीआय संचालकांच्याच प्रतिज्ञापत्रातून उघड झाले. अहवालाचा गाभाच बदलला, असे न्यायालयाने 8 मे 2013 रोजी सुनावले. सीबीआयसाठी वापरला जाणारा ‘पिंजऱ्यातला पोपट’ हा आता गुळगुळीत झालेला शब्दप्रयोग त्याच सुनावणीतला. दोनच दिवसांत मंत्र्यांनी राजीनामा दिला.

संचालकांच्या खुर्चीकडेही पाहावे. विनीत नारायण खटल्याच्या 1997 मधील निकालाने त्यांना किमान 2 वर्षांचा कालावधी मिळाला आणि आता निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती यांची समिती करते. तरीही ऑक्टोबर 2018 मध्ये तत्कालीन संचालक आलोक वर्मा यांना मध्यरात्रीच्या आदेशाने रजेवर पाठवले गेले. समितीला डावलल्यामुळे 8 जानेवारी 2019 रोजी न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि दोनच दिवसांनी समितीने बहुमताने त्यांना पदावरून हटवले. 2021 पासून संचालकांना एकेका वर्षाची मुदतवाढ देत 5 वर्षांपर्यंत ठेवता येते. दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहणारा अधिकारी कितपत मोकळा राहील, याबद्दल मला शंका आहे.

ही माहिती मिळवताना माहिती अधिकारावर फार विसंबू नये, कारण भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांसंबंधीची माहिती वगळता जून 2011 पासून सीबीआय त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. न्यायालयांचे आदेश आणि संसदेतील लेखी उत्तरे अधिक उपयोगी पडतात. त्यांतून मिळालेल्या तारखा एका कागदावर ओळीने मांडाव्यात: गुन्हा दाखल झाला ती, अटक झाली ती, आरोपीने पक्ष बदलला असल्यास ती, आणि तपास बंद करण्याचा अहवाल सादर झाला ती. त्या अहवालावर ‘क्लीन चिट’चा मथळा झळकला तरी तो न्यायालयाने स्वीकारला आहे की पुढील तपासाचा आदेश दिला आहे, हे पाहूनच शेवटची तारीख लिहावी.