हार्डवेअरचं सॉफ्टवेअर की अख्ख्या कारखान्याचं? पैसे मोजण्याआधी हे तपासा

डेमोत दोन्ही सॉफ्टवेअर सारखीच दिसतात: यादी, बारकोड, रंगीत आलेख. काम मात्र वेगळं. हार्डवेअर ॲसेट मॅनेजमेंट लॅपटॉप, सर्व्हर, प्रिंटर, नेटवर्क स्विच सांभाळतं: कुणाकडे आहे, वॉरंटी कधी संपते, माणूस नोकरी सोडून गेला तेव्हा जमा झाला का. एंटरप्राइझ ॲसेट मॅनेजमेंट, म्हणजे ईएएम, यंत्रं चालती ठेवण्यासाठी असतं. मेन्टेनन्सचं वेळापत्रक, जॉब कार्ड, स्टोअरमधले स्पेअर, कुठल्या यंत्रावर किती खर्च झाला, हे त्यात येतं.

आधी यादी करा आणि वर्षभराची ब्रेकडाउनची वही उघडून बसा. प्रत्येक वस्तूपुढे लिहा: ही बंद पडली तर काय थांबतं? एकाच माणसाचं काम अडत असेल तर ती हार्डवेअरच्या बाजूला, उत्पादन थांबत असेल तर ईएएमच्या बाजूला. सांगलीच्या विश्रामबागेतल्या सीए ऑफिसला किंवा क्लासला ईएएमची गरज नाही. पन्नासेक संगणक असतील तर नीट ठेवलेली एक्सेल शीटही पुरते. कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत फर्नेस, कॉम्प्रेसर आणि क्रेन यांच्यापुढे दहा लॅपटॉपचा प्रश्न किरकोळ आहे. तिथे ईएएम घ्या आणि लॅपटॉप त्यातच एका वेगळ्या गटात टाका.

घोटाळा होतो तो मधल्या वस्तूंचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक बघा. आयटीवाले म्हणतात तो काट्याचा भाग, मेन्टेनन्सवाले म्हणतात तो संगणक. दोघांच्याही यादीत नसल्यामुळे बॅकअप कुणीच घेत नाही, आणि ऐन गाळपात हार्ड डिस्क गेली की उसाच्या गाड्यांची रांग लागते. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तरी असे संगणक त्यावरच चालतात, कारण इंडिकेटरशी, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याशी, बोलणारं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेल याची खात्री नसते. पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा कंट्रोलर), एचएमआय (यंत्रावरचा ऑपरेटरचा स्क्रीन), स्काडाचा (अख्ख्या प्लांटवर नजर ठेवणारा) पीसी यांचंही तेच. अशा प्रत्येक वस्तूची नोंद एकाच ठिकाणी ठेवा, एकच जबाबदार माणूस नेमा, आणि बॅकअपची तारीख त्याच नोंदीत लिहा.

ईएएम घ्यायचं ठरलं तर जागा आणि वस्तू यांना वेगळे नंबर द्या. पंप क्रमांक 3 ची मोटर जळाली, रिवाइंडिंगला गेली आणि परत आल्यावर पंप क्रमांक 1 वर बसली, तर तिचा इतिहास तिच्याबरोबर जायला हवा. वस्तूच्या नंबरातच विभागाचं नाव घातलं असेल, तर मोटर हलली की तो नंबर खोटा ठरतो. एकच मोटर दोन वर्षांत तीनदा जळाली, हे मग कुणाच्या लक्षातच येत नाही.

मेन्टेनन्स कॅलेंडरवर लावायचा की चालू तासांवर, हेही आधीच ठरवा. साखर कारखान्यात शंभर दिवसांचा हंगाम म्हणजे अखंड चालणाऱ्या यंत्राचे 2,400 तास. पुढे कित्येक महिने ते उभंच. दर तीन महिन्यांनी ग्रीसिंग असं लावलं तर गाळपात ते कमी पडतं आणि बंद हंगामात नुसत्या सूचना साचतात. तासांवर लावा, आणि तास मोजणाऱ्या मीटरचं रीडिंग कोणत्या पाळीचा कोण माणूस लिहिणार ते नावानिशी ठरवा. रीडिंग आलंच नाही तर सॉफ्टवेअर गप्प बसतं.

लॅपटॉपला पॉलिस्टरचं लेबल चालतं. तेल, वाफ आणि उष्णता असेल तिथे ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करा. कागदी स्टिकर पहिल्याच धुण्यात सुटतो.

अकाउंट्सच्या स्थिर मालमत्ता रजिस्टरमध्येही लेबलवरचा हाच नंबर हवा. कंपनी कायदा 2013 च्या परिशिष्ट 2 प्रमाणे लॅपटॉप आणि डेस्कटॉपचं आयुष्य 3 वर्षं, सर्व्हरचं 6, तर सर्वसाधारण यंत्रांचं 15 धरतात. नंबर जुळले नाहीत तर भंगारात गेलेल्या वस्तूवरही घसारा लागत राहतो.

सही करण्याआधी विक्रेत्यासमोर तुमचीच एक मोटर आणि एक लॅपटॉप ठेवा. मोटर एका पंपावरून काढून दुसऱ्यावर चढवायला सांगा, तिला लागलेलं बेअरिंग स्टोअरमधून वजा करायला सांगा, लॅपटॉप एकाकडून जमा करून दुसऱ्याला द्यायला सांगा. ही कामं तुमच्या फोरमनला आणि स्टोअरकीपरला स्वतःच्या हातांनी करून बघू द्या, तीही मोबाइलवर.