नाक्सोस बेटावर दोन-तीन वर्षांच्या मुलांना काय करायला द्यावे

एजियन समुद्रातील सायक्लेडीज द्वीपसमूहातले सर्वांत मोठे बेट म्हणजे नाक्सोस. ज्यांच्या घरात दीड ते तीन वर्षांचे मूल आहे त्यांनी ग्रीसचा बेत आखताना सँटोरिनीच्या कड्यावरची घरे काही वर्षांसाठी बाजूला ठेवावीत आणि या बेटाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सँटोरिनीत पायऱ्या आणि कडे यांपासून मुलाला सांभाळण्यातच पालकांचा दिवस संपतो. नाक्सोसच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र सपाट, लांबलचक पुळण आहे, आत शेती आणि गुरे आहेत, आणि होरा या मुख्य गावातून चालत समुद्रावर जाता येते. या वयाच्या मुलाला ‘स्थळे’ दाखवायची नसतात, त्याला हाताळायला काहीतरी द्यायचे असते. म्हणून सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप आणि संध्याकाळी पायी जाता येईल असे दुसरे ठिकाण, एवढाच दिवसाचा आराखडा ठेवावा. तिसरे ठिकाण घुसवले की रडारड ठरलेली.

ऋतू आणि वारा

जुलै आणि ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, समुद्र निळाशार दिसतो, आणि तरीही किनाऱ्यावर पाय ठेवताच उडणारी वाळू मोठ्यांच्या नडग्यांना टोचते. तीच वाळू दोन वर्षांच्या मुलाच्या नेमकी डोळ्यांच्या उंचीवर असते. शिवाय वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि त्वचा कधी भाजली ते संध्याकाळी कळते. त्यामुळे जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर निवडणे शहाणपणाचे ठरते. त्यातही सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेले पाणी मेपेक्षा पुष्कळ उबदार असते, आणि लहान मुलाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. 15 ऑगस्टच्या आसपास मरियमेच्या सणानिमित्त सारा ग्रीस बेटांकडे धावतो, तेव्हा बोटींची तिकिटे आणि खोल्या दोन्ही दुर्मिळ होतात.

मेल्तेमीच्या दिवशी एक नियम कटाक्षाने पाळावा: हवा भरलेली वळी, बदके आणि गाद्या पाण्यात नेऊ नयेत. वारा जमिनीकडून समुद्राकडे वळला तर अशी हलकी वस्तू मुलासकट पाहता पाहता लांब जाते. दंडातल्या फुग्यांवरही विसंबू नये. मूल पाण्यात असताना मोठ्या माणसाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचेल एवढेच अंतर असावे.

समुद्रकिनारा: कोठे जावे आणि काय खेळावे

होरा गावाला लागून असलेला आयिओस येओर्गिओस हा किनारा या वयासाठी सर्वांत सोयीचा आहे. तेथे पाणी बरेच आतपर्यंत उथळ राहते, मागेच खाणावळी, दुकाने आणि स्वच्छतागृहे आहेत, आणि डायपर संपला तर मुक्कामाच्या जागी परत जाण्यासाठी गाडी काढावी लागत नाही. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या फळ्यांचा खेळ चालतो. तो भाग टाळून गावाच्या बाजूला बसावे. पुढचा आयिओस प्रोकोपिओस छायाचित्रांत अधिक देखणा दिसतो, पण तेथील वाळू जाडी आहे आणि पाणी लवकर खोल होते, म्हणून तो मोठ्या मुलांसाठी ठीक. आयिया आना येथे बारीक वाळू आणि मच्छीमार बोटींचा छोटा धक्का आहे. सकाळी तेथे जाळी आणि दोर पाहण्यात मुलांचा वेळ छान जातो. प्लाका किनारा काही किलोमीटर लांब असल्याने गर्दीच्या दिवसांतही बसायला जागा मिळते. उन्हाळ्यात होराहून या सर्व किनाऱ्यांकडे बस धावते, आणि बसचा प्रवास हाच मुलांना अनेकदा किनाऱ्याइतका आवडतो.

कोकणच्या समुद्राची सवय असलेल्या मराठी पालकांनी येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे, एजियन समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. दापोली किंवा मालवणला ओहोटीच्या वेळी मागे राहणारी डबकी, खेकड्यांची बिळे आणि ओल्या वाळूचा रुंद पट्टा येथे मिळणार नाही. ओली वाळू पाण्याच्या कडेला हातभर रुंदीच्या पट्ट्यातच सापडते. याचा फायदा असा, की सकाळी बांधलेला किल्ला संध्याकाळी बहुधा जागेवर असतो, आणि मुलाला ‘आपला किल्ला’ पुन्हा पाहायला नेता येते. दुसरी गोष्ट, हे पाणी अरबी समुद्रापेक्षा अधिक खारट आहे, त्यामुळे डोळ्यांत गेल्यास चांगलेच झोंबते. गोड्या पाण्याची एक बाटली केवळ डोळे धुण्यासाठी जवळ ठेवावी.

खेळ साधे ठेवावेत. पाण्याच्या कडेपासून चार पावलांवर फावड्याने एक खड्डा खणावा आणि लहान बादलीने पाणी आणून तो भरण्याचे काम मुलावर सोपवावे. पाणी मुरते, खड्डा रिकामा होतो, पुन्हा भरायचा. मोठ्यांना निरर्थक वाटणाऱ्या या कामात दोन वर्षांचे मूल अर्धा तास सहज रमते. दुसरा खेळ दगड-गोट्यांचा. नाक्सोस हे प्राचीन काळापासून संगमरवराचे बेट असल्याने पांढरे, घासून गुळगुळीत झालेले दगड सापडतात. ते रंगाने किंवा आकाराने निवडून रांगेत मांडायला सांगावे आणि निघताना तेथेच ठेवून यावे. तोंडात मावेल एवढा दगड तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तिसरे म्हणजे चाळणी, पण ती घरची चहाची नव्हे, मोठ्या भोकांची. खडकाळ टोकांना समुद्री साळिंदरे म्हणजे काटेरी अर्चिन चिकटलेली असतात, म्हणून तेथे रबरी तळव्याचे बूट घातल्याशिवाय पाय ठेवू देऊ नये.

सकाळी अकरापर्यंत किनारा आटोपावा. दुपारी साधारण तीन ते साडेपाच हा ग्रीसमध्ये शांततेचा काळ मानला जातो, आणि वामकुक्षीची ही पद्धत मुलांच्या झोपेशी इतकी जुळते, की वेळापत्रकासाठी आपल्याला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. संध्याकाळी झोपेतून उठलेले मूल रात्री नऊपर्यंत आनंदात राहते, आणि त्या वेळी गावातल्या चौकात ग्रीक मुले चेंडू खेळत असतात. भाषा येत नसली तरी चेंडू पुरतो. गल्लोगल्ली मांजरे भेटतील. ती दुरून पाहावीत, हाताने भरवू नयेत, कारण ओरखडा बसायला वेळ लागत नाही.

पुराणकथेचे दगड, पण मुलाच्या उंचीने

होरा बंदराजवळच्या पालातिया या छोट्या बेटावर पोर्तारा उभी आहे. इ. स. पूर्व सहाव्या शतकात लिग्दामिस या सत्ताधीशाच्या काळात सुरू झालेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या मंदिराची ही संगमरवरी चौकट. बेट गावाशी बांधलेल्या वाटेने जोडलेले आहे. सूर्यास्ताला तेथे तोबा गर्दी होते आणि खडकांना कठडा नाही, म्हणून मुलांसोबत सकाळीच जावे. दार आहे आणि घर नाही, ही गोष्ट मुलांना फार गमतीची वाटते. ‘कडी वाजव’, ‘आत ये’, ‘बाहेर जा’ एवढ्यावर खेळ चालतो. वारा असेल तर त्या वाटेवर लाटांचे पाणी उडते. अशा दिवशी बेत रद्द करावा. येथूनच बंदरात शिरणाऱ्या मोठ्या बोटी दिसतात, त्यांचा मागचा दरवाजा खाली येतो आणि पोटातून ट्रक बाहेर पडतात. दोन वर्षांच्या मुलासाठी या बेटावर याहून भव्य दृश्य नाही, हे मान्य करावे लागते.

एका सकाळी गाडी भाड्याने घेऊन मेलानेसजवळच्या फ्लेरिओला जावे. झाडांच्या सावलीत, खाणीतच अर्धवट सोडून दिलेला संगमरवरी कुरोस म्हणजे तरुणाचा पुतळा तेथे जमिनीवर आडवा पडला आहे. त्याचा एक पाय मोडलेला आहे. ‘दगडाचा दादा झोपला आहे, हळू बोल’ असे सांगितले की मुले खरोखर कुजबुजतात. उत्तरेला आपोलोनास येथील कुरोस दहा मीटरहून लांब आहे, पण तिथवरचा रस्ता इतका वळणांचा आहे, की लहान मुलासोबत तो सरळ वगळावा. देलोसची बोटसफरही वगळावी, कारण त्या बेटावर सावली जवळजवळ नाही. सांग्रीजवळचे देमेतेर मंदिर आटोपशीर आहे आणि आजूबाजूला शेते आहेत. ऊन चढण्यापूर्वी गेल्यास तेथे मोकळे पळता येते. परतताना हाल्की गावात थांबून गालाक्तोबुरेको हा दुधाच्या सांज्याचा पाकातला गोड पदार्थ सर्वांनी वाटून खावा. गाडी घेताना मुलाची आसनखुर्ची आधीच मागवावी आणि ती नीट बसवून घेतल्याशिवाय निघू नये. होराच्या व्हेनेशियन कास्त्रोत म्हणजे किल्ल्यात, जो तेराव्या शतकात मार्को सानुदोने वसवला, गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. तेथे बाबागाडी ओझे होते, पाठीवरची झोळी घ्यावी.

जेवणखाण

खाण्याची चिंता येथे कमी असते. नाक्सोसचे बटाटे ग्रीसभर प्रसिद्ध आहेत आणि गायीच्या दुधाचे ग्राविएरा चीज सौम्य असल्याने मुले खातात. शाकाहारी कुटुंबांसाठी फाकेस म्हणजे मसुराचे पातळ कालवण, स्पानाकोरिझो म्हणजे पालक-भात, भात भरलेले टोमॅटो आणि घट्ट दही सहज मिळते. रिझोगालो ही तांदळाची खीर तर ओळखीचीच वाटते. दह्यावर मध घालून देतात, तो वर्षाखालच्या बाळाला देऊ नये. रात्रीचे जेवण ग्रीक लोक उशिरा घेतात, म्हणून मुलाला मुक्कामी साडेसहाला खाऊ घालावे आणि खाणावळीत फक्त चाखायला द्यावे. त्यासाठी छोटे स्वयंपाकघर असलेली खोली निवडावी, जेथे गुरगुट्या भात आणि मेतकूट होऊ शकेल. मात्र भारतातून थेट जाणाऱ्यांनी तूप बरोबर घेऊ नये. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. तान्ह्या मुलांची डबाबंद दूधभुकटी तेवढी मर्यादित प्रमाणात चालते.

जाणे आणि येणे

भारतीय पारपत्रावर मुलालाही स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो. सहा वर्षांखालील मुलांना त्याचे शुल्क नाही. अथेन्सहून विमानाने नाक्सोस पाऊण तासावर आहे, पण विमाने लहान असल्याने जागा लवकर भरतात. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने साधारण पाच-साडेपाच तास लागतात. जलद बोटींपेक्षा ही संथ बोटच घ्यावी, कारण तिच्यात मुलाला चालायला डेक मिळतो आणि लाटांत ती कमी हलते. मुलाचे तिकीट मोफत असले तरी त्याच्या नावाने ते काढावे लागते. बोट लागताना मुलाला कडेवर किंवा झोळीत घ्यावे, कारण मागचा दरवाजा उघडताच माणसे आणि वाहने एकाच वेळी निघतात.

खोलीवर पोहोचताच गच्चीकडे जाणाऱ्या बाहेरच्या जिन्याला कठडा आहे का ते पाहावे. पांढऱ्या चुन्याच्या जुन्या घरांत तो अनेकदा नसतो. ओले वाइप्स आणि कागद संडासात टाकू नयेत, शेजारच्या डब्यात टाकावेत. तेथील सांडपाण्याचे नळ अरुंद असतात. तातडीच्या वेळी 112 हा क्रमांक लावावा. किरकोळ तक्रारींसाठी हिरव्या क्रुसाची पाटी असलेले औषधाचे दुकान पुरते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच बेट सोडावे आणि शेवटची रात्र अथेन्समध्ये काढावी, कारण वारा फार चढला तर बंदर अधिकारी बोटींना निघूच देत नाहीत.