ऑपरेशननंतर घरी ओपिओइड दिलंय? मग एवढं बघाच

मांजर घरी सोडताना डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनची (हे ओपिओइड, म्हणजे अफूच्या जातीचं जोरदार वेदनाशामक) भरलेली सिरिंज हातात देतात आणि घरी आल्यावर लोक सरळ ते खाण्यात कालवतात, तिथेच फसतं सगळं. पोटातून गेलं की लिव्हर त्यातलं बरंचसं निकामी करून टाकतं, मांजर बिचारं दुखत बसतं. हे औषध तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. टॉवेलात गुंडाळा, ओठाचा कोपरा जरासा ओढा, टोक गाल आणि दाढांच्या मधल्या फटीत सरकवा आणि हळूहळू सोडा, जबडा उघडायची गरजच नाही. (सुई काढलीय ना ते आधी बघा, हसू नका, घाईत राहते.)

नंतर बाहुल्या ह्या एवढ्या मोठ्या होतात, मांजर सगळीकडे अंग घासतं, कणीक तिंबल्यासारखे पंजे चालवतं. घाबरू नका, औषध चढलंय इतकंच. कुत्र्यात बाहुल्या उलट बारीक होतात.

कुत्रा रात्रभर कुंई कुंई करत असेल तर दुखतंय की औषधाने डोकं गरगरतंय हे ओळखणं खरं अवघड. जखमेच्या आजूबाजूला हलकेच हात लावा. दचकला, वळून बघितलं तर बहुतेक दुखतंय, हात लावला काय न लावला काय तसाच रडतोय तर औषधाचा गोंधळ असू शकतो. दोन्ही वेळा फोन डॉक्टरांनाच, डोस आपल्या मनाने वाढवायचा नाही.

आपल्या कपाटातलं ट्रामाडॉल (माणसांची दुखण्यावरची गोळी) तर अजिबात नको. कुत्र्याच्या शरीरात त्याचा कामाचा भाग फारसा तयारच होत नाही, आणि काही गोळ्यांत सोबत पॅरासिटामॉल असतं, त्याने मांजर मरतं.

हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास फार सावकाश चाललाय, हिरड्या पांढऱ्या-निळ्या दिसतायत, तर वाट बघू नका, लगेच उचलून न्या. नॅलॉक्सोन दिलं की ओपिओइडचा असर उतरतो, पण त्याचा परिणाम मूळ औषधाच्या आधी संपू शकतो म्हणून बरं दिसलं तरी काही तास तिथेच ठेवतात.

फेंटानिल या ओपिओइडचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) लावला असेल तर कुत्र्यात तो चालू व्हायलाच 12 ते 24 तास जातात, मग साधारण 3 दिवस टिकतो. त्यावर गरम शेक नको, हीटरजवळ झोपवणं नको, उष्णतेने औषध भसकन अंगात जातं. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं, लहान मुलाच्या हाती लागलं तर जीवावर बेतेल, तेव्हा चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि क्लिनिकला परत द्या.